पहिला हप्ता विमानाआधी

ऑगस्ट-सप्टेंबरात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांत परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींचे सत्कार होतात. राहुरीत, अकोल्यात, श्रीगोंद्यात अभिनंदनाचे फलक लागतात, शाळा आपल्या माजी विद्यार्थ्याला बोलावून शाल-श्रीफळ देते. हे व्हायलाच हवे. पाथर्डीसारख्या तालुक्यातून दरवर्षी शेकडो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा घरातले मूल लंडनच्या विद्यापीठात पोचले तर साऱ्या गावाची मान उंचावते. पण सत्कारानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्या मुलाच्या खात्यात किती पैसे उरले आहेत, हे विचारायला कोणी जात नाही. घरून फोन येतो, आई विचारते, "जेवलास का?" आणि उत्तर ठरलेले असते, "हो, जेवलो."

परदेशातले पहिले काही आठवडे अभ्यासाचे कमी आणि कागदांचे जास्त असतात. घरमालकाला डिपॉझिट हवे असते, शिवाय स्थानिक जामीनदार. जामीनदार नसेल तर अनेक ठिकाणी काही महिन्यांचे भाडे आगाऊ मागतात. बँकेला खाते उघडण्यासाठी पत्ता लागतो आणि पत्ता मिळवायला खोली लागते. तोवर रोजचा प्रवास, जेवण, थंडीचे कपडे, मोबाइलचे सिम हे सगळे घरून नेलेल्या पैशांतून भागवायचे. प्रत्येक खरेदीचे मनातल्या मनात रुपये करायचे आणि वस्तू परत फळीवर ठेवायची, ही सवय पहिल्याच आठवड्यात लागते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला हे दिवस गैरसोयीचे जातात. ज्याच्या घरी नाही, त्याचे पुढचे सगळे वर्ष या दिवसांवर ठरते. तो लगेच मिळेल त्या कामाला लागतो, रात्रपाळी करतो, आणि सकाळच्या वर्गात डोळे उघडे ठेवणे त्याला जड जाते.

अशाच मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी ती मिळू शकते. शिक्षण शुल्क, विमानभाडे, आरोग्य विमा आणि निर्वाह भत्ता, सगळे त्यात आहे. ही योजना मोलाची आहे आणि तिच्यामुळे किती घरांतली पहिली पदवीधर पिढी थेट जगातल्या नामांकित विद्यापीठांत गेली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. म्हणूनच तिच्यातली एक उणीव जिव्हारी लागते. निर्वाह भत्ता वेळेवर पोचत नाही, अशा तक्रारी परदेशातून गेली काही वर्षे वारंवार येत आहेत. विद्यार्थ्याने पोचल्यावर कागद पाठवायचे, पुण्यात समाजकल्याण आयुक्तालयात त्यांची तपासणी व्हायची, मग मंजुरी, मग बँक. प्रत्येक टप्प्याला नियम आहे आणि प्रत्येक नियमाला कारणही असेल. पण खोलीचे भाडे महिन्याच्या ठरल्या तारखेला द्यावेच लागते.

भत्त्याची रक्कमही पाहिली पाहिजे. ब्रिटनसाठी ती वर्षाला ९,९०० पौंड आहे, पुस्तके व आकस्मिक खर्चाचे १,१०० पौंड वेगळे. म्हणजे राहण्या-खाण्याला महिना ८२५ पौंड. ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी दाखवायची किमान रक्कम लंडनमध्ये महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड धरली. हा हिशेब जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा असतो. तेवढ्याचेही तेव्हा लंडनमध्ये १३,३४७ पौंड होत. मास्टर्सचे वर्ष तर सहसा बारा महिन्यांचे. ज्या देशात मूल पाठवायचे तो देशच जगायला इतके लागते म्हणतो आणि आपण त्याच्या बऱ्याच खालचा आकडा धरून बसतो. ही रक्कम ठरून बरीच वर्षे झाली. ती नव्याने ठरवायला आणखी कोणता पुरावा हवा?

शाहू महाराजांचे नाव या योजनेला आहे, तर त्यांनी पुढे मदत केलेल्या बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवास आठवणे भाग आहे. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील गेले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती आणि तीन वर्षांसाठी होती. पहिला मुक्काम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये पडला. तिथले जेवण त्यांना मानवले नाही, तेव्हा थोड्याच दिवसांत ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. रक्कम मोठी नव्हती, तिच्यातून मुंबईला घरीही पैसे पाठवावे लागत. पण महिन्याला काय मिळणार हे ठरलेले होते आणि त्या भरवशावर जागा बदलता येत होती. पोचून थोडेच दिवस झाले असताना, ऑगस्टमध्ये, वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात ते मुलींच्या शिक्षणाविषयी कळकळीने लिहितात. परक्या शहरातल्या पहिल्याच महिन्यात हा विचार करायला त्यांचे मन मोकळे होते, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

आणि नवल भथेना. त्या सुरुवातीच्या काळातल्या खोलीतला हा मित्र जन्मभर राहिला. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्यापाशी सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. पहिल्या दिवसांत अशी माणसे जोडता येतात. पण त्यासाठी सामायिक स्वयंपाकघरात चार घटका बसण्याइतकी फुरसत लागते आणि ती पैशाच्या विवंचनेत सर्वांत आधी जाते.

शिष्यवृत्ती नसलेल्यांची अडचण वेगळी आहे. नगरमधल्या शेतकरी कुटुंबाकडे पाच-सात एकर जमीन असते, पण परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जाला बँका सहसा ती तारण घेत नाहीत, कारण वसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. मग शहरातल्या नातेवाइकाचा फ्लॅट शोधायचा किंवा बिनतारणी कर्ज चढ्या व्याजाने घ्यायचे. जर्मनीला जाणाऱ्याला तर वर्षाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात ठेवावे लागतात. भरायला ते अवघड आहेत खरे, पण तिथे गेल्यावर दर महिन्याला ९९२ युरो हाती येतात, मुलाला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. विद्यार्थी येण्याआधी त्याच्या जगण्याची तजवीज झालेली असावी, एवढे जर्मनीने ओळखले आहे.

आपल्या शासनानेही तेवढेच करावे. निवड झाली, विद्यापीठाचे पत्र आले, व्हिसा लागला की पहिल्या तीन महिन्यांचा भत्ता विद्यार्थ्याच्या इथल्या खात्यात जमा व्हावा. पोचल्याचे कागद पुढच्या हप्त्यासाठी मागावेत. कोणी गेलेच नाही तर रक्कम परत घेता येईल असे बंधपत्र आधीच लिहून घ्यावे. सहायक आयुक्तांच्या नगर कार्यालयाने जिल्ह्यातून निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पंधराव्या दिवशी एक फोन करावा. संख्या इतकी थोडी असते की एका कारकुनाचे दुपारभराचे काम आहे. परत आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना जूनमध्ये एकदा बोलावून नव्यांशी बोलायला बसवावे, म्हणजे डिपॉझिट किती, खोली कुठे बघायची, खाते कसे उघडायचे हे निघण्याआधीच कळेल.

ब्रिटनमधली बहुतेक सत्रे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतात. निवड यादी जूनमध्ये लागली, तर पहिला हप्ता ऑगस्टअखेर देता येतो.