सतरा माणसं, सहा नद्या

आमच्या आत्याला लग्न करून ग्वाल्हेरला दिलं, तेव्हा आजी म्हणाली होती, "पोरीला काळ्या पाण्यावर पाठवली." आता त्याच आत्याच्या नातीचं लग्न ठरलं आणि आजीने जाहीर केलं, "पणतीच्या डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय मी मरायची नाही." आजीचं वय अठ्ठ्याऐंशी. बेळगावहून ग्वाल्हेरला थेट नेणारी आपली गोवा एक्स्प्रेस. रात्री आठच्या सुमाराला बसायचं, एक अख्खा दिवस गाडीत काढायचा आणि दुसऱ्या रात्री उशिरा उतरायचं.

ही गोष्ट २०२५ च्या एप्रिलची. विमानाचा विषय तरुण मंडळींनी काढून पाहिला. एसीचाही काढला. आजीने दोन्ही मोडीत काढले. एसीच्या खिडक्या उघडत नाहीत ना? मग वाटेतल्या नद्यांना नाणं कसं टाकायचं? "काचेच्या आडून नदीला कसला नमस्कार करायचा?" या एका वाक्यावर सतरा माणसांची स्लीपरची तिकिटं काढायचं ठरलं, आणि घरात शिकलेला म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मोठ्या कुटुंबाला घेऊन प्रवास करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आरक्षणाच्या एका फॉर्मवर सहाच नावं मावतात, म्हणजे कुटुंबाचे तुकडे रेल्वेच पाडते. आता आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस मिळत. ते नोव्हेंबर २०२४ पासून कमी झालं. आणखी एक गोम आहे. साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना खालचा बर्थ मिळण्याची जी सोय आहे, ती तिकिटावर एकटे किंवा दोघेच असतील तर. सहा जणांच्या घोळक्यात सत्तरीचा म्हातारा घातला की त्याच्या वाट्याला वरचा बर्थ येऊ शकतो. हे मला अर्धवट माहीत होतं. म्हणून मी आजी आणि माझ्या सासूबाई यांचं तिकीट वेगळं काढलं. दोघींना खालचे बर्थ मिळाले खरे, पण एस-७ मध्ये. बाकी आम्ही एस-३ आणि एस-४ मध्ये विखुरलेले.

सासूबाई गोकाकच्या. घरात कन्नड. आमची मुलं एकीला आजी म्हणतात आणि दुसरीला अज्जी, त्यामुळे कधी घोटाळा होत नाही. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलतात आणि दोघींना सगळं कळतं. सीमाभागातल्या बहुतेक घरांत हे असंच चालतं, हे वाचकांना मी काय सांगावं.

खरी अडचण वेगळीच होती. माझे थोरले काका आणि धाकटे काका अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. गावच्या घराची वाटणी झाली, परसातली विहीर कुणाची यावरून बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. आजी सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. मधले म्हणजे माझे वडील. ते होते तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात, ते गेल्यावर ती नोकरी मला लागली. तिकिटाच्या वेळी दोघांनीही वेगवेगळं येऊन आईच्या भाड्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे भाडं पुरं भरायचं होतं. मी एकाला परत द्यायला गेलो तर म्हणाले, "माझ्या आईचं तिकीट त्याच्या पैशाने कशाला?" दुसऱ्याकडे गेलो तर तेच उत्तर. शेवटी उरलेले पैसे मी आजीकडे दिले. तिने ते पणतीच्या आहेराच्या पाकिटात घातले आणि त्यावर दोघांचीही नावं लिहायला लावली.

निघायच्या संध्याकाळी स्टेशनवर सामान मोजलं तर एकोणतीस डाग. कुंद्याचे डबे, गोकाकचा करदंट, कडक भाकऱ्यांची चळत, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, दशम्या, पहिल्या रात्रीसाठी दहीबुत्ती. एवढं असून बायकोचं म्हणणं, "वाटेत काही मिळालं नाही तर?"

आजीला एस-७ मध्ये कसं सोडायचं? आमच्या कप्प्यात दोन जवान होते, मराठा सेंटरमधून निघालेले. एकाचा खालचा बर्थ, दुसऱ्याचा बाजूचा खालचा. मी विचारायच्या आत आजीनेच विचारलं, "बाळा, तुझी आजी आहे का रे?" त्याने बॅग उचलली आणि दोघेही एस-७ कडे गेले. टी.सी.ने हातातल्या यंत्रावर काहीतरी टिपलं आणि पुढे गेला.

घटप्रभेचा पूल आला तेव्हा अज्जी उठून उभ्याच राहिल्या. त्यांच्या माहेरची नदी. "होळी बंत नोड्रि!" माझ्या बहिणीचा पाच वर्षांचा मुलगा पुण्यात वाढतो. तो गोंधळला. "होळी? होळी तर मागच्या महिन्यात झाली!" कन्नडमध्ये होळी म्हणजे नदी, हे त्याला समजावून सांगेपर्यंत पूल मागे पडला. पण अज्जींनी नाणं टाकलं होतं. आजीने घरून हळदकुंकू लावलेली सहा नाणी आणली होती: घटप्रभा, कृष्णा, भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा. मधल्या लहान नद्यांना तिने बेळगावातूनच हात जोडले होते. कुडचीजवळ कृष्णा आली तेव्हा बाहेर नुसता काळोख होता. पुलाच्या आवाजावरूनच नाणं टाकलं.

मग झोपायची वेळ. थोरल्या काकांचं वय सत्तर, गुडघे गेलेले, आणि त्यांना मिळालेला बर्थ वरचा. मी सहा जणांत त्यांचं नाव घातल्याचा प्रसाद. धाकट्या काकांचा समोरचा, खालचा. काका वरच्या बर्थकडे बघत उभे. मी माझा मधला बर्थ देऊ केला, पण त्यावर चढणंही त्यांना जमणारं नव्हतं. तेवढ्यात धाकट्या काकांनी आपली चादर गुंडाळली, चप्पल खाली ठेवली आणि एक शब्द न बोलता वर चढून गेले. थोरले काका मला म्हणाले, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "त्याला सांग, माझी काही अडचण नव्हती." वरून आवाज आला, "दादाला सांग, मला खाली गुदमरतं." मी मध्ये आडवा झालो होतो, त्यामुळे दोन्ही निरोप जागच्या जागी पोचले.

लहानपणी आम्ही असेच निघत असू, तेव्हा मिरजेला उतरावं लागे. इकडची मीटरगेज, पुढची ब्रॉडगेज. अर्ध्या झोपेत, ट्रंका आणि वळकट्या घेऊन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत. हेच दोघे काका पुढेमागे राहून आम्हा पोरांना मोजत असत. यंदा मिरज आली तेव्हा सगळे झोपलेले होते. मी जागा होतो.

पहाटे पुण्याला गाडीचं इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट्या दिशेने निघते. जागी झालेली पोरं ओरडली, "परत घरी चाललो!" आजीलाही क्षणभर तसंच वाटलं. दौंड सोडल्यावर उजाडताना भीमा, मग कोपरगावजवळ गोदावरी. गोदावरीवर भाच्याने वेफर्सचं रिकामं पाकीट खिडकीतून टाकायला हात बाहेर काढला आणि आजीने तो हात असा धरला की पोरगं रडायला लागलं. "नाणं टाकतात रे, उकिरडा नाही."

भुसावळनंतर ऊन असं तापलं की खिडक्यांना ओले टॉवेल बांधले. भाकऱ्या संपल्या, पत्ते झाले, भेंड्यांमध्ये कन्नड गाणी चालतील की नाही यावर वाद झाला. मग सगळे पेंगले. तापी भुसावळ सोडल्यावर लगेच येते. ती कधी गेली ते कुणालाच कळलं नाही. आजी उठली तेव्हा बऱ्हाणपूरही मागे पडलं होतं. ती काही बोलली नाही. तापीचं नाणं तिने पदराच्या गाठीत बांधलं.

म्हणून नर्मदेला सगळे तयार होते. इटारसी सोडली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. ग्वाल्हेरहून आत्याच्या मुलाचा फोन, "गाडी लेट चालून राहिली आहे का?" तो बंद करतो तोच पूल सुरू झाला. पात्र रुंद, वाळूचे पट्टे, पाण्यावर पिवळा उजेड. आजीचा हात संधिवाताने वर होत नाही आणि खिडकीच्या गजांतून पुलाचे लोखंडी खांब सपासप मागे पळत होते. नाणं खांबाला लागून परत आत येईल ही तिची भीती. एका बाजूला थोरले काका, दुसऱ्या बाजूला धाकटे. एक म्हणे "थांब", दुसरे म्हणे "आता, आता टाक." गाडी हलली, आजीचा तोल गेला. थोरले काका ओरडले, "अरे, हात धर तिचा, हात!" धाकट्या काकांनी हात धरला. "धरलाय दादा, तू मागून सांभाळ." नाणं गेलं.

पूल संपल्यावर दोघे आपापल्या जागी बसले. अर्ध्या तासाने थोरल्या काकांनी मला सांगितलं, "त्याला विचार, चहा घेणार का." मी विचारलं. ते हो म्हणाले.

लग्न चांगलं झालं, त्याबद्दल वेगळं लिहीनच. परतीच्या गाडीत भुसावळ सकाळी येतं आणि तापी त्याच्या थोडं आधी. रात्री झोपताना थोरले काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तापीला मला उठव." पाच मिनिटांनी धाकटे काकाही तेच सांगून गेले. मी मोबाईलवर गजर लावला. पण जाग आली ती गजराने नाही, थोरल्या काकांच्या आवाजाने. आजी खिडकीशी बसली होती, पदराची गाठ सोडत. काका बाहेर वाकून बघत होते आणि विचारत होते, "पूल आला का रे?"

ते मला विचारत नव्हते.