उन्हाळ्याची सुटी आणि घरची बेगमी

वैशाखांत शाळांना सुटी लागते, मुंबई-पुण्याकडील मंडळी मुलाबाळांसह गांवीं येतात, आणि कोकणांतील बागायतदाराचें घर महिना-दीड महिना माणसांनीं भरून जातें. नेमका त्याच वेळीं आंबाही एकदम पिकूं लागतो. आरंभींचा माल पेट्या भरून बाजारास जातो; परंतु मे महिना उतरणीस लागला म्हणजे भाव पडतो, वळवाची एखादी सर येऊन जाते, फळास डाग पडतात, फळमाशीचा उपद्रव वाढतो, आणि उरलेलें फळ ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून किलोच्या हिशेबानें कारखान्याच्या गाडींत चढतें. रायवळ आंबा, फणस, करवंद व जांभूळ यांपैकीं पुष्कळशा मालास तेवढेंही गिऱ्हाईक मिळत नाहीं. तो झाडाखालीं कुजतो. ज्या घरांत पंधरा माणसें जेवावयास आहेत, त्याच घराच्या परसांत महिनाभर अन्न कुजावें, व पुढें श्रावणांत त्याच घरानें पेठेंतून आमरसाचा डबा विकत आणावा, हा व्यवहार आमच्या मतें शेतकऱ्यास शोभणारा नाहीं.

आमच्याकडे टिकाऊ पदार्थ करण्याची विद्या नवी नाहीं. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलें, सांडगे, कुरडया, पापड, लोणचें, मुरंबा, खारांतील कैरी, ही सर्व पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी होय. गोव्यांत हिला ‘पुरुमेंत’ म्हणतात; शब्द पोर्तुगीजांकडून आलेला असला तरी व्यवहार येथलाच आहे, व मे महिन्यांत तेथें त्याचीं फेस्तेंही भरतात. ह्या सर्व कृतींच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे. अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना वाढीसाठीं पाणी लागतें. वाळवणांत आपण तें काढून घेतों. लोणच्यांत मीठ व मुरंब्यांत साखर तें बांधून ठेवते. आमसुलांत आंबटपणा जंतूंस वाढूं देत नाहीं. ओला चमचा बरणींत घालूं नये, लोणच्यावर तेलाचा थर असावा, वाळवण खणखणीत वाळल्यावांचून डब्यांत भरूं नये, हे आमच्या आजीबाईंचे नियम सोंवळ्याओंवळ्याचे म्हणून हंसण्यासारखे नाहींत. ते अनुभवानें तावून सुलाखून निघालेले शास्त्रीय नियम आहेत.

हवाबंद बाटलीची कृति मात्र या सर्वांहून निराळी आहे, व तिचे नियम आमच्या घरांत परंपरेनें आलेले नाहींत. निकोला आपेर नांवाच्या फ्रेंच हलवायानें अन्न बाटलींत भरून, घट्ट बूच बसवून, ती बाटली उकळत्या पाण्यांत ठेवण्याची रीति शोधून काढली, व १८१० सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. त्याबद्दल फ्रेंच सरकारनें त्यास १२,००० फ्रँक दिले. अन्न टिकतें कां, हें मात्र खुद्द आपेरलाही ठाऊक नव्हतें. पाश्चर याचे जंतुविषयक प्रयोग त्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं झाले, तेव्हां तें उलगडलें. कृति हातीं येणें व तिचें कारण कळणें यांत असें अंतर पडूं शकतें, आणि आज आमच्या गांवोगांवीं तीच स्थिति आहे. भ्रमणध्वनीवरील चित्रफीत पाहून सुनामुली बाटल्या भरूं लागल्या आहेत. उत्साह स्तुत्य आहे. परंतु आंब्याच्या रसास जी रीति लावावयाची तीच मटार, मका, बटाटा, अळंबी किंवा नारळाचें वाटण यांस लावली जात आहे. येथें आम्हांस स्पष्ट बोलणें भाग आहे.

मातींत सर्वत्र असणाऱ्या जंतूंपैकीं क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा एक होय. त्याची बीजुकें पाण्याच्या साध्या उकळीनें मरत नाहींत. उघड्या भांड्यांत तीं निरुपद्रवी पडून राहतात. पण जेथें हवा नाहीं, आंबटपणा नाहीं व ओलावा भरपूर आहे, अशी हवाबंद बाटली मिळाली म्हणजे तीं रुजतात व अत्यंत जहाल विष निर्माण करितात. बाटलीस वास येईलच असें नाहीं, रंगही बदलेलच असें नाहीं. खाणारास बहुधा दुसऱ्या दिवशीं एकाचे दोन दिसूं लागतात, जीभ जड होते, घांस गिळतां येत नाहीं, व उपचारास विलंब झाला तर श्वास बंद पडतो. २०१५ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, लँकेस्टर येथें, एका चर्चच्या सहभोजनांत २९ माणसांस ही बाधा झाली व एक मृत्यु पावलें. कारण शोधतां असें आढळलें कीं, सॅलडांतील बटाटे घरीं बाटलींत भरलेले होते, व त्या बाटल्या दाबाच्या यंत्रांत न तापवितां नुसत्या उकळत्या पाण्यांत ठेवल्या होत्या. ज्या देशांत ही विद्या घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथें ही गोष्ट घडली, हें ध्यानांत ठेवावें.

सबब नियम एकच, आणि तो प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे: आंबट असेल तें बाटलींत भरावें, आंबट नसेल तें वाळवावें. शास्त्रज्ञ आम्लता ज्या अंकानें मोजतात त्यांत ४.६ ही सीमा धरिलेली आहे. अंक जितका लहान, तितका पदार्थ आंबट. कैरी, करवंद, कोकम, आवळा, लिंबू हीं फळें ह्या सीमेच्या आंत आहेत. त्यांस उकळतें पाणी पुरतें. टोमॅटो व पूर्ण पिकलेला आंबा हे सीमेच्या जवळ येतात, म्हणून त्यांत लिंबूसत्त्व घातल्यावांचून भरूं नये. भाज्या, कडधान्यें, नारळ, मांस, मासळी हीं सर्व सीमेच्या बाहेर आहेत. आणि गोड म्हणून फसवणारे पिका फणस, पपई व केळें यांनाही येथें विसंबण्याइतका आंबटपणा नाहीं. फणसाची पोळी घालावी. गरे पाकांत बुडवून बाटलींत कोंडूं नयेत. सीमेबाहेरील पदार्थ बाटलींत टिकवावयाचे तर त्यांस दर चौरस इंचास सुमारें १५ पौंड दाबाखालीं १२१ अंश उष्णता ठरलेला वेळ द्यावी लागते, व त्याचें यंत्र निराळें असतें. वरणभाताचा कुकर हें तें यंत्र नव्हे. मटार ठेवावयाचे असतील तर वाळवावे. शीतकपाटाच्या बर्फाच्या खणांतही ते चांगले राहतात, परंतु पावसाळ्यांत जेथें वीज दिवसदिवस जाते तेथें ह्या खणावर भरंवसा टाकूं नये.

आमरसाची कृति थोडक्यांत देतों. फळ पिकलेलें पण घट्ट घ्यावें. सडका भाग असलेलें फळ रसाच्या पातेल्यांत मुळींच येऊं देऊं नये, कारण एक नासकें फळ सगळा घाणा बिघडवितें. रस गाळून वजन करावें व दर किलोस पांच ग्रॅम लिंबूसत्त्व घालावें, साखर आवडीप्रमाणें. मंद आंचेवर ढवळीत रस ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवावा. धुऊन उकळलेल्या बाटल्यांत तो गरम असतांनाच भरून वर बोटभर जागा सोडावी, व नवीं झांकणें लावावीं. पातेल्याच्या तळाशीं फडकें घालून बाटल्या पाण्यांत पूर्ण बुडतील अशा ठेवाव्या, आणि पाणी उकळूं लागल्यापासून अर्धा तास मोजावा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी कमी उष्णतेस उकळतें, म्हणून महाबळेश्वरासारख्या ठिकाणीं वेळ अधिक द्यावा. बाटल्या बाहेर काढून गार फरशीवर न ठेवतां लाकडी फळीवर निवूं द्याव्या, व प्रत्येकीवर तारीख लिहावी. पुढें कधींही झांकण उचललेलें, फुगलेलें किंवा रस फेसाळलेला दिसला तर ती बाटली चाखून पाहूं नये, पुरून टाकावी.

आणखी एक सूचना. सरबतें टिकविण्यासाठीं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. तें आंब्याच्या व लिंबाच्या सरबतास चालतें, परंतु कोकम व जांभूळ यांचा रंग उडवितें. तेथें सोडियम बेंझोएट घालतात. दोन्ही वस्तु चिमटीनें न घालतां तराजूनें, वेष्टनावरील प्रमाणांतच घालाव्या.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वरील कृतींत कठीण असें कांहींच नाहीं. मग घरोघर ती होत कां नाहीं? आमच्या मतें ह्याचें उत्तर घरधन्याच्या हिशेबाच्या वहींत आहे. फवारणी, खत, राखणदार, पेट्या, गवत, वाहतूक, ह्या प्रत्येक बाबीचा खर्च तेथें टिपलेला असतो. बेगमीचें पान मात्र त्या वहींत नाहीं. तें ‘बायकांचें काम’ म्हणून सोडून दिलेलें असतें. सुटीच्या दिवसांत पाहुण्यांची दोन वेळची जेवणें, चहापाणी, मुलांचें आजारपण हें सर्व आटोपून, दुपारच्या उन्हांत चुलीपुढें बसून त्याच बायांनीं शे-दीडशे आंबे पिळावे अशी आपली अपेक्षा असते. त्यांच्या हातीं तराजू नाहीं, उष्णतामापक नाहीं, झांकणें गेल्या सालचीं, आणि सरपण ओलें. मग काम दरवर्षीं थोडें थोडें आंखडत जातें व अखेर बंद पडतें, आणि आपण म्हणतों कीं, हल्लींच्या सुनांना हौस राहिली नाहीं. हा आरोप अन्यायाचा आहे. ज्या कामास आपण भांडवल देत नाहीं, माणूस देत नाहीं व श्रेयही देत नाहीं, तें काम टिकेल कसें?

कोणी म्हणतील, डबा पेठेंत मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? जो आंबा आपण पडत्या भावानें गाडींत भरून दिला, त्याचाच रस आपण पुन्हां विकत घेतों, व त्यांत डब्याचें, वाहतुकीचें, दलालाचें व दुकानदाराचें देणें भरतों. घरच्या बाटल्यांनीं कोणी श्रीमंत होईल असें आम्ही म्हणत नाहीं. सगळाच माल घरीं भरावा असेंही नाहीं. चांगलें फळ बाजारासच जावें. परंतु डागी पण निरोगी फळाची योग्य जागा घरची बरणी ही होय. विक्रीसाठीं माल करावयाचा असेल तर मात्र २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें नोंदणी वा परवाना घ्यावा लागतो. ती पायरी घरच्या कामांत हात बसल्यानंतरची समजावी.

म्हणून आमच्या सूचना अशा. पहिली: प्रत्येक बागायतदारानें आपल्या वहींत बेगमीचें एक पान उघडावें, किती फळ घेतलें, साखर-सरपण किती लागलें, किती बाटल्या भरल्या व किती नासल्या, हें त्यांत लिहावें. नासलेल्या बाटलीची नोंद लपवूं नये. पुढील सालचें शहाणपण तिच्यांतच असतें. दुसरी: बेगमीचे चार दिवस सुटीच्या आरंभींच ठरवून त्या दिवसांत स्वयंपाकाचें काम पुरुषांनीं व पाहुण्यांनीं वांटून घ्यावें. मुंबईहून आलेल्या भावानें आंबे धुवावे, मुलांनीं वजन करावें, घड्याळ पाहावें व चिठ्ठ्या लिहाव्या. शाळेंतील रसायनशास्त्र त्यांस येथें प्रत्यक्ष पाहावयास मिळेल, आणि आजीच्या हातचीं प्रमाणें तीं मुलें लिहून घेतील तर तीं आजीबरोबर जाणार नाहींत. तिसरी: उष्णतामापक, तराजू व झांकणें बसविण्याचें यंत्र हीं प्रत्येकानें निरनिराळीं घेण्याचें कारण नाहीं. गांवच्या सोसायटीनें एक संच घेऊन पाळीपाळीनें द्यावा, व एप्रिलमध्यें, सुटी लागण्यापूर्वीं, कृषि विद्यापीठाच्या जाणत्या माणसास बोलावून एक दिवस प्रात्यक्षिक करवावें. त्या प्रात्यक्षिकास घरच्या स्त्रियांना पुढें बसवावें; सभासद म्हणून पुरुषांनीं जाऊन यावें व घरीं येऊन अर्धवट सांगावें, हें नको.

मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेस लागतें, आणि पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. त्यापूर्वींचे तीन आठवडे हे बागेचे शेवटचे व घरचे पहिले दिवस आहेत. झाडावरून उतरलेलें फळ पेटींत गेलें म्हणजे पीक संपलें असें आपण समजतों. तें खरें नाहीं. आषाढांत मुलाच्या ताटांत पडेपर्यंत तें पीकच आहे, व तेथपर्यंत तें निर्धोक पोंचविणें हें शेतकऱ्याचेंच काम आहे. आमच्या वाचकांनीं येत्या हंगामांत निदान वीस बाटल्या नियमानें भराव्या, आणि पावसाळा संपल्यावर त्यांपैकीं किती टिकल्या हें आम्हांस कळवावें, अशी आमची विनंति आहे.