शांत जागा कुणाची?

पावसाळा आला की ती रील हमखास येते. 'महाबळेश्वरच्या गर्दीला कंटाळलात? ही जागा कुणालाच माहीत नाही!' खाली हजारो लाइक्स. हजारोंना दाखवलेली जागा 'कुणालाच माहीत नाही', हे म्हणताना सांगणाऱ्याला जराही हसू येत नाही.

मुळात 'कुणालाच' म्हणजे कुणाला? क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात रांग असते. तिथून थोडं चालून गेलं की कृष्णाबाईचं देऊळ लागतं. काळा दगड, गोमुखातून पडणारं पाणी, समोर कृष्णेचं खोरं आणि तुरळक माणसं. रीलमध्ये हे 'गुप्त मंदिर' होतं. ज्यांच्या गावात ते उभं आहे, त्यांच्यापासून ते कधी गुप्त होतं?

तापोळ्याचं तर नावच बदललंय. त्याला सगळे 'मिनी काश्मीर' म्हणतात. डोंगरांच्या कुशीत पसरलेलं निळं पाणी आणि शांतता. पण ते पाणी म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. 1960च्या दशकात तो भरत गेला, तशी त्याखाली गावं गेली, भातखाचरं गेली, देवळं गेली. माणसं सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी विखुरली. कित्येक कुटुंबांचा पुनर्वसनाचा लढा आजही संपलेला नाही. काठावर जे उरले, त्यांची पोरं कामासाठी मुंबईला गेली. तुम्ही जिला शांतता म्हणता, तिचा बराचसा भाग म्हणजे निघून गेलेल्या माणसांची रिकामी जागा आहे. तिच्यावर बासरीचं संगीत टाकून तीस सेकंदांत विकणं मला तरी अश्लील वाटतं.

यावर शहाण्यांचा एक ठरलेला उपाय असतो: 'लोकेशन सांगूच नका.' तोही मला पटत नाही. म्हणजे आपण गेलो तर प्रवासी, आणि वेण्णा लेकवर कणीस खाणारं कुटुंब म्हणजे गर्दी? तापोळ्यात होडी चालवणाऱ्याला, घरात चार पाहुण्यांना जेवू घालणाऱ्या मावशींना गिऱ्हाईक हवंच आहे. शिवाय नुसतं लपवून काही वाचत नाही. कासच्या पठारावर फुलं तुडवली जायला लागली, तेव्हा शुल्क आणि रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आणावी लागली. जागा नियमाने वाचतात, आपल्या गुपितांनी नाही.

तेव्हा जा, जरूर जा. पण जागेला तिच्या नावाने हाक मारा. गावातल्याच घरी राहा, तिथेच जेवा, पैसे देताना घासाघीस करू नका. स्पीकर गाडीतच ठेवा, कचरा परत न्या. आणि होडीत बसलात की फोन खिशात घालून होडीवाल्या दादांना एवढंच विचारा, "आपण आत्ता कुठल्या गावावरून चाललोय?"

उत्तर ऐकल्यावर 'मिनी काश्मीर' लिहायला बोट धजावलं, तर खुशाल लिहा.