रंग ओला असताना

गाडीतला रंगवलेला तुकडा चांगला उतरलाय की नाही हे पाहायला एक ट्यूबलाइट पुरते. एसीच्या जाळीभोवतीची पट्टी, गिअरभोवतीचं कव्हर, पॉवर विंडोच्या बटणांची चौकट, काहीही घ्या. ट्यूबखाली तिरपं धरा आणि नळीचं प्रतिबिंब बघा. कडा सरळ रेघेत दिसल्या तर काम जमलं. कडा तुटक, थरथरत्या दिसल्या तर पेंटर ज्याला ऑरेंज पील म्हणतात ते झालंय. आणि नळी दिसतच नसेल, नुसता पांढुरका पट्टा दिसत असेल, तर रंग पृष्ठभागावर पोचायच्या आतच वाळलाय. त्यावरून बोट फिरवा, रवाळ लागेल.

जुनी गाडी जिवापाड सांभाळणारी बरीच माणसं मला विचारतात, की स्प्रेचा डबा चांगल्या कंपनीचा आणूनही फिनिश का येत नाही? कुणी डब्याला दोष देतं, कुणी स्वतःच्या हाताला. माझं म्हणणं असं, की रंग सपाट करणं हे आपलं कामच नाही, ते रंग स्वतः करतो. फवाऱ्यातून बारीक थेंब येऊन पडतात, एकमेकांत मिसळतात आणि पृष्ठताणामुळे उंचवटे हळूहळू खाली बसतात. त्यासाठी त्याला थोडा वेळ ओलं राहावं लागतं. तेवढा वेळ मिळाला नाही तर उंचवटे तसेच गोठतात. प्रमाणाबाहेर मिळाला तर रंग उभ्या भागावरून ओघळतो. डबा किती लांब धरायचा, हात किती वेगाने फिरवायचा, कोणत्या हवेत काम करायचं, थर किती पातळ द्यायचा, हे सगळं सांभाळायचं ते या मधल्या थोड्या वेळासाठी.

फवाऱ्याचा जन्म दवाखान्यातला. अमेरिकेत ओहायोतल्या टोलीडो गावी डॉ. अॅलन डिव्हिलबिस यांनी १८८८ साली घशात औषध फवारायचं उपकरण केलं, आणि पुढे १९०७ मध्ये त्यांच्या मुलाने, थॉमसने, त्याच तत्त्वावर रंगाची स्प्रे गन बनवली. मग १९२३ मध्ये ड्यूपाँटचं ड्यूको लॅकर आलं आणि जनरल मोटर्सच्या १९२४ सालच्या ओकलँड गाड्या त्याने रंगल्या. तोवर एक गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे जात, ते काम तासांवर आलं. हे लॅकर इतकं झटपट वाळायचं, की ब्रशच्या रेघा मिटायलाही सवड मिळायची नाही, म्हणून ते फवारूनच मारावं लागे. आपल्या हातातला दाबायचा डबा त्याहून तरुण: इलिनॉयमधल्या एड सीमूर यांनी तो १९४९ साली केला.

आता प्लॅस्टिककडे येऊ. तुकडा सोडवला की आधी उलटा करून बघायचा. मागच्या बाजूला दोन बाणांच्या टोकांमध्ये रोमन अक्षरं कोरलेली असतात. एबीएस किंवा पीसी अधिक एबीएस असेल तर काम सोपं. नीट घासलेल्या एबीएसवर प्रायमर चांगला धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, तर जपायला हवं. या प्लॅस्टिकवर रंगाची अवस्था अळवावरच्या पाण्यासारखी होते. वरून छान दिसतो, पण धरून बसलेला नसतो आणि नखाने उचकटला की पापुद्रा सलग निघून येतो. पीपीवर प्रायमरच्या आधी अॅडहीजन प्रमोटर नावाचा पारदर्शक हात द्यावाच लागतो. पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही ऑटो पेंटच्या दुकानात ‘प्लॅस्टिक प्रायमर’ मागितलात तर पीपीवर चालेल ना, हे डब्यावर वाचून घ्या. सगळे चालत नाहीत.

पण फिनिश बिघडवण्यात पहिला नंबर ना प्लॅस्टिकचा ना प्रायमरचा, तो डॅशबोर्डच्या पॉलिशचा. सर्व्हिसिंगहून गाडी घरी येते तेव्हा आतलं सगळं तेलकट चमकत असतं, बोट लावलं की घसरतं. ती चमक बहुतेक वेळा सिलिकॉन तेलाची असते. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, या तेलाचा २० ते २१ च्या घरात. ताज्या रंगाखाली या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा अंश राहिला तरी रंग तिथून मागे सरकतो आणि गोल खड्डा पडतो, मध्ये प्रायमर उघडा आणि भोवती रंगाची कड. त्यावर आणखी रंग मारून तो बुजत नाही, खड्ड्याची कड तेवढी जाड होते.

म्हणून साफसफाईचा क्रम पाळायचाच. कोमट पाणी, भांडी घासायचा द्रव साबण आणि जुना दात घासायचा ब्रश, कानाकोपऱ्यांसकट. मग भरपूर स्वच्छ पाणी. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तेही दोन फडक्यांनी: एकाने ओलं करायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसत बसलं तर तेल एका जागेवरून दुसरीकडे जातं. थिनर वापरू नका, एबीएस त्याने मऊ पडतं, कधी तडकतंही. आणि हे सगळं घासायच्या आधी. आधी पेपर मारला तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं आणि मग तिथून काढणं महाकठीण. ज्या शेडमध्ये कुणी पॉलिश फवारत असेल तिथे त्या दिवशी रंगकाम नकोच, कारण सिलिकॉन हवेतूनही येतं.

यानंतर ठरवायचं, की मुळातला दाणा ठेवायचा की घालवायचा. गाडीच्या आतल्या बहुतेक प्लॅस्टिकवर चामड्यासारखी नक्षी साच्यातूनच उमटलेली असते. ती ठेवायची असेल तर हिरव्या घासणीने मंद करायचं आणि रंगाचे हात अगदी पातळ ठेवायचे, नाहीतर नक्षी अर्धवट बुजते आणि तुकडा वाईट दिसतो. आरशासारखं गुळगुळीत हवं असेल तर ४०० नंबरचा पेपर, मग भरीव प्रायमर, मग ६०० आणि ८०० चा वॉटर पेपर.

आमच्या भागातल्या एका गॅरेजमधले पेंटर काका हे काम करताना मी बराच वेळ बघत उभा असतो. ते वाळलेल्या प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतात, नुसते ठिपके. मग रबरी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात बुडवून घासायला सुरुवात. उंच भागांवरचे ठिपके आधी जातात, खोलगट जागी काळं शिल्लक राहतं. तेवढी जागा पाहून ते पुन्हा प्रायमर देतात, पुन्हा ठिपके, पुन्हा घासणं. शेवटचं काळं निघालं की पाणी ओततात. पाण्याची सलग चादर पसरली तर मान डोलावतात. कुठे पाणी फाटून थेंब झाले की परत अल्कोहोलचं फडकं. मग डोळे मिटून तळवा फिरवतात. बोटांच्या टोकांपेक्षा तळव्याला लाट आधी कळते, असं ते सांगतात. हा सगळा उद्योग एका वीतभर पट्टीसाठी. माझ्या मते गाडीच्या कामातलं हे सर्वांत कौशल्याचं काम आहे, आणि बिलात त्याची नोंद ‘पेंटिंग’ या एका शब्दात होते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रत्यक्ष फवारणी तशी थोडक्यात आटोपते. डब्यातली गोळी वाजायला लागल्यावर तो पूर्ण दोन मिनिटं हलवायचा. पहिला फवारा पुठ्ठ्यावर. तुकड्यापासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर, मनगट न वळवता सबंध हात सरळ न्यायचा. फवारा तुकड्याच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच सोडायचा, कारण दाबताना आणि सोडताना नोझल थुंकतं. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात मुद्दाम विरळ, खालचं दिसलं तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, थोडा ओला. एकाच हातात सगळं झाकायची घाई केली की वरची साय वाळते, आतलं थिनर अडकतं आणि नंतर बाहेर पडताना बारीक छिद्रं पाडतं. फवारताना डबा गार पडतो, कारण आतला द्रवरूप वायू उकळत असतो. गार पडला की दाब उतरतो आणि थेंब मोठे होतात. अशा वेळी डबा कोमट पाण्यात जरा ठेवायचा. कोमटच, कारण डब्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि आतला वायू बहुधा पेट घेणारा असतो.

हवेचं मात्र आपल्या हातात नाही. मुंबईत किंवा कोकणात जुलैत लॅकर मारलं तर ते दुधाळ पडतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर जमते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी उलटं, थेंब हवेतच वाळतात. महाराष्ट्रात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरावेत, ऊन वर आल्यावर, सावलीत, फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवून.

चकचकीत हवं असेल तर वरून क्लिअर कोट, तो पूर्ण वाळल्यावर १५०० आणि २००० चा पेपर पाण्यातून, मग रबिंग कंपाउंड. इथे ऑरेंज पील थोडंफार निस्तरता येतं. मॅटमध्ये ती सोय नाही, घासलं की तेवढाच भाग चमकतो. मॅट पहिल्याच खेपेला जमावं लागतं. तरीही गाडीच्या आत मॅटच शोभतं असं माझं ठाम मत आहे, आणि डॅशबोर्डच्या माथ्यावर तर तेच हवं. तिथली चमक उन्हात समोरच्या काचेवर उमटते आणि रस्ता दिसेनासा होतो. एअरबॅगच्या झाकणाला तर रंग लावूच नका. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकासमोर एअरबॅग सक्तीची आहे. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावं म्हणून तिथे प्लॅस्टिक मुद्दाम पातळ केलेलं असतं. त्यावर प्रायमर आणि रंगाचे कडक थर चढवणं म्हणजे जिवाशी खेळ.

रंगवलेला तुकडा गाडीत बसवायला आठवडाभर तरी थांबा. २०१८ मध्ये अमेरिकेत अॅरिझोनातल्या टेम्पी शहरी संशोधकांनी उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान मोजलं, तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसला पोचला. अर्धवट वाळलेला रंग एवढ्या उष्णतेत मऊ पडतो, त्यावर बोटांचे ठसे उमटतात.

आणि जो हे काम करतो त्याच्या छातीचा विचार करा. हार्डनर मिसळायच्या टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्यामुळे पेंटरना दमा जडतो आणि एकदा जडला की अगदी थोड्या वासानेही उचल खातो. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. असं क्लिअर घरी मारू नये. जिथे बूथ आहे आणि पेंटरला स्वच्छ हवा वेगळ्या नळीने पुरवणारा मास्क आहे, तिथेच ते काम द्यावं. साध्या डब्यालाही कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा लागते. पेंटरकडे तो मास्क नसेल तर तुम्ही घेऊन द्या, दर वाढवून सांगितला तर द्या.

संध्याकाळी गाडी हवी, असं गॅरेजमध्ये सांगून जाणारे मी रोज पाहतो. तुकडे सोडवून, क्लिपा एका पिशवीत बांधून पेंटरकडे द्या आणि गाडी घरी न्या. गिअरभोवतीचं कव्हर आणि जाळीची पट्टी नसली तरी पंधरा दिवस गाडी नीट चालते.