धाराशिवच्या भगिनींनी दिलेले उत्तर

दुखणे अंगावर काढणे हा ग्रामीण स्त्रीचा गुण मानून त्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने या कौतुकातला फोलपणा उघडा पाडला आहे. 2022 च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे 1 लाख 27 हजार स्त्रियांना हा रोग जडतो आणि जवळपास 80 हजार दगावतात. वास्तविक, जडण्यापूर्वी कित्येक वर्षे ज्याची चाहूल लागते असा हा कर्करोग. असे असूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयोगटातील शंभरांपैकी जेमतेम दोघींचीच तपासणी कधीतरी झाल्याचे आढळले.

तपासणीच्या पद्धती तीन. पॅप तपासणीला प्रयोगशाळा व पेशीतज्ज्ञ लागतात आणि नमुना दिल्यावर निकालासाठी बाईला पुन्हा खेटा घालावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत गर्भाशयमुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल लावून पांढरा डाग उठतो का ते पाहतात. ही स्वस्त आणि जागच्या जागी निकाल देणारी, पण सारी भिस्त पाहणाऱ्याच्या नजरेवर. तिसरी, रोगाचे मूळ असलेल्या एचपीव्ही विषाणूचा शोध घेणारी. अचूक, परंतु महाग.

यांतली कोणती जीव वाचवते, याचा जगाने मानलेला निवाडा तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 मध्ये 1 लाख 31 हजारांवर स्त्रियांचे चार गट पाडून हा अभ्यास आरंभला. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची विषाणूचाचणी एकदाच झाली त्या गटात आठ वर्षांत 34 मृत्यू झाले. ज्यांना कोणतीच चाचणी दिली नव्हती त्या गटात 64. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी करत राहिल्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, हेही मान्य केले पाहिजे. पण जेथे एकदा आलेली बाई पुन्हा येईल याची शाश्वती नाही, तेथे एकाच खेपेत अधिक सांगणारी चाचणीच हवी.

या अभ्यासासाठी द्रव्य गेट्स प्रतिष्ठानचे होते, चाचणीचे तंत्र अमेरिकेचे होते. देह मात्र मराठवाड्यातील भगिनींचे. चौथ्या गटाला प्रचलित आरोग्यसेवेवरच सोडून देण्यात आले, यावर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे आक्षेप घेतला. देशात अशी तपासणी कोठेच होत नसल्याने कोणाचे काही हिरावले गेले नाही, असे उत्तर त्याला मिळाले. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेलही; त्या 64 घरांचे त्याने समाधान होणार नाही.

दिलेल्या देहाचे ऋण असते. त्यांनी मिळवून दिलेले ज्ञान जगाने वापरले. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये विषाणूचाचणीलाच प्राधान्य दिले. आपल्या शासनाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना मात्र आम्लाच्या तपासणीवर आधारलेल्या, आणि तीसुद्धा बहुतांश स्त्रियांपर्यंत पोहोचली नाही. चाचणी महाग, ही सबबही आता पूर्वीइतकी बळकट नाही. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र क्षयाच्या तपासणीसाठी देशभर पोहोचले आहे आणि त्यावर एचपीव्हीची चाचणीही करता येते. नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो, म्हणजे संकोचाचा अडसरही बराचसा दूर होतो.

चाचणीत दोष आढळलेल्या स्त्रीचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. तिला तालुक्याच्या गावी नेणारे, उपचार होईपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहणारे आणि घरच्यांची समजूत घालणारे कोणी नसेल, तर यंत्राचा निकाल कागदावरच राहील. आशा कार्यकर्तीवर आधीच कामांचा डोंगर आहे. गावोगावी चालणारी महिला मंडळे, बचत गट आणि सेवाकार्यातील भगिनी यांनी हा भार उचलावा. त्यासाठी शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.