माळवद पाडायचं, स्लॅब टाकायचा, की आहे तेच सांभाळायचं? पाथरीतल्या जुन्या घरांचा प्रश्न समजून घ्या

जानेवारी 2020 मध्ये पाथरीचं नाव महाराष्ट्रभर गाजलं. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून या गावाच्या विकासासाठी 100 कोटींची घोषणा झाली, त्यावरून वाद पेटला आणि शिर्डी बंद राहिली. वाद पुढे शांत झाला आणि कॅमेरे निघून गेले.

परभणी जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत मात्र वेगळीच चर्चा दरवर्षी रंगते. कापसाचे पैसे हातात आले, घरात लग्न ठरलं किंवा पावसाळ्यात छत गळलं की विषय निघतो, "जुनं माळवद पाडून स्लॅब टाकू का?" निर्णय होतो, मिस्त्री येऊन माप घेऊन जातो आणि त्यानंतर शंका सुरू होतात. भिंती ठेवायच्या का? वर मजला चढेल का? पैसे पुरतील का? नव्या घरात उन्हाळा कसा काढायचा?

घरातली मोठी माणसं याला "मन कच्चं करणं" म्हणतात. पण मराठवाड्याचा इतिहास पाहिला, तर या शंकांना भक्कम कारणं आहेत.

माळवद म्हणजे नेमकं काय?

मराठवाड्यातल्या जुन्या घरांना दगड-मातीच्या जाड भिंती असतात. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. हे सपाट मातीचं छत म्हणजे माळवद. काही भागांत याला धाब्याचं घर म्हणतात. घर किती मोठं, हेही खांबांमधल्या खणांवरून सांगितलं जातं.

या घराचा मोठा फायदा म्हणजे गारवा. परभणीचा पारा उन्हाळ्यात 44 अंशांच्या पुढे जातो, तेव्हाही माळवदाच्या खोलीत दुपारी झोप लागते. लाकूड, दगड, माती सगळं जवळपास मिळायचं. छत गळलं की वरून पुन्हा माती टाकायची, हा सोपा उपाय होता.

धोकाही याच उपायात होता. दरवर्षी माती पडत गेली आणि थर वाढत गेला. दहा बाय बारा फुटांची एक खोली घ्या. तिच्यावर दीड फूट माती असेल, तर साध्या हिशेबाने ते वजन साधारण आठ टन भरतं. पावसात माती भिजली की आणखी वाढतं. सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यात झाली तशी अतिवृष्टी झाली, की अशा छताखाली झोपायची भीती वाटते ती याच वजनामुळे.

किल्लारीने काय शिकवलं?

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला आणि अधिकृत आकड्यानुसार सुमारे 7,900 माणसं गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या तुलनेत हा मध्यम ताकदीचा होता. देशाच्या भूकंप नकाशावर हा भाग तर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तरीही एवढे बळी गेले, याचं मोठं कारण घरांची रचना होतं.

भिंती जाड होत्या, पण एकसंध नव्हत्या. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे बारीक दगड-माती. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड अनेक ठिकाणी नव्हतेच. हादरा बसला तशा भिंती फुगून फाटल्या आणि वरची टनावारी माती अंगावर आली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. काही गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. जिथं घरं उभी होती, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी मदत मिळाली. पण बऱ्याच कुटुंबांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी शेजारी एक नवी पक्की खोली बांधली. दगडावरचा विश्वास उडाला होता, त्यामुळे हे स्वाभाविक होतं. जुनं घर मात्र तसंच कच्चं राहिलं आणि अनेक ठिकाणी वापरातही राहिलं.

हा विषय जुना झाला असं वाटत असेल, तर 2024 आठवा. 21 मार्चच्या सकाळी दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं आणि पहिल्या धक्क्याची तीव्रता 4.5 होती. 10 जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतही तो जाणवला. मार्चमधल्या धक्क्यांनंतर नांदेड प्रशासनाने पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या, असं आवाहन केलं होतं.

मग सरळ स्लॅब टाकला तर?

इथंच सगळ्यात मोठी चूक होते. पाच इंची स्लॅबचं त्याच खोलीवरचं वजन साधारण साडेतीन टन होतं, म्हणजे दीड फूट मातीच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे अनेकांना वाटतं, जुन्या भिंतींनी आठ टन पेललं, तर साडेतीन टन सहज पेलतील.

पण माळवदाचं बरंचसं वजन भिंती नाही, तर आतले लाकडी खांब पेलत असतात. स्लॅबसाठी खांब काढले की सगळा भार मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर येतो. भूकंपात भिंती हलल्या की वरचा कडक स्लॅब एका तुकड्यात खाली येऊ शकतो. अर्धं जुनं आणि अर्धं नवं, असं हे घर बाहेरून पक्कं दिसतं, म्हणून जास्त फसवं ठरतं.

वरचा मजला तर त्याही पुढची गोष्ट. "आत्ता एक मजला, पुढं भावासाठी दुसरा" असा बेत असेल, तर तो पाया खोदण्याआधीच ठरवावा लागतो. स्लॅबवर नुसत्या सळया मोकळ्या सोडल्याने घर दोन मजल्यांचं होत नाही. खालचे कॉलम आणि पाया तेवढ्या भाराचे असावे लागतात.

पायाखालची काळी माती

पाथरी गोदावरीच्या खोऱ्यात आहे. कापसाला आणि उसाला मानवणारी इथली काळी माती बांधकामाला मात्र त्रास देते. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घर वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा खाली बसतं. नव्या घराला दोन-तीन वर्षांत तिरप्या भेगा पडतात, तेव्हा लोक सिमेंटला दोष देतात. कारण बहुतेकदा पायात असतं.

यावर उपाय आहेत. पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत नेणं, पायाभोवती मुरूम भरणं, प्लिंथला सगळीकडून काँक्रीटचा पट्टा देणं आणि न्हाणीघराचं, पन्हाळीचं पाणी भिंतीच्या कडेला मुरू न देणं. माती खूप खोल असेल, तर खाली फुगीर बुंध्याचे पाइल घेतात. हा सगळा खर्च जमिनीखाली जातो, पाहुण्यांना दिसत नाही. म्हणून बजेट कमी पडलं की पहिली कात्री इथंच लागते.

पैसा, परवानगी आणि पाणी

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी मूळ मदत 1 लाख 20 हजारांची आणि घर किमान 25 चौरस मीटरचं. मदत टप्प्याटप्प्याने मिळते. घर पूर्ण पाडून हप्त्याची वाट पाहत पावसाळा पत्र्याखाली काढायची वेळ अनेकांवर येते. त्यामुळे राहायची दुसरी सोय होईपर्यंत जुनं घर पूर्ण पाडू नये.

डिसेंबर 2020 च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी परवानगी सोपी केली आहे. तरी ठरलेली कागदपत्रं आणि शुल्क स्थानिक संस्थेकडे द्यावंच लागतं. गावठाणात शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल, तर आधी त्याच्याशी बोलणंही आलं.

आणि पाणी. मृगाआधी छत व्हावं म्हणून स्लॅब एप्रिल-मेमध्ये पडतो, नेमका टंचाईच्या काळात. कडक उन्हात स्लॅब किमान दहा दिवस ओला ठेवावा लागतो. टँकरचे पैसे वाचवले, तर तो खर्च पुढं गळतीच्या रूपाने परत येतो.

तिसरा पर्याय, ज्याचा विचार होत नाही

"पाडा" आणि "राहू द्या" यांच्यामध्ये एक रस्ता आहे, तो म्हणजे मजबुतीकरण. किल्लारीनंतर यासाठी साधे उपाय सुचवले गेले:

- छतावरची जास्तीची माती उतरवून, पाणी अडवायला प्लास्टिकचा कागद घालून पातळ थर ठेवणं.
- खांब आणि तुळई जिथं मिळतात, तिथं तिरपे आधार मारणं.
- भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार छिद्रं पाडून सळई आणि काँक्रीट भरणं, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात.
- छताच्या खाली भिंतींना चहूबाजूंनी जाळीचा किंवा काँक्रीटचा पट्टा देणं.

हे प्रत्येक घराला चालेलच असं नाही. लाकडाला वाळवी लागली असेल किंवा भिंत फुगली असेल, तर पाडणंच योग्य. हा फरक मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवण्याचा खर्च पूर्ण कामाच्या तुलनेत अगदी थोडा असतो.

पाडून नवंच बांधायचं ठरलं, तर पैसा आधी पायाला, मग कॉलम-बीमला, मग छताला द्यावा. फरशी, पीओपी आणि समोरचं एलिव्हेशन पुढच्या हंगामावर ढकलता येतं. नव्या स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर दिला, तर खोली तापणं बरंच कमी होतं.

म्हणूनच घरातलं कुणी "थांबा, एकदा विचार करू" म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका. फक्त हा विचार माळवदावर पहिला टिकाव पडण्याआधी व्हायला हवा. नंतर सुचलेली शंका कितीही खरी असली, तरी तोवर छत उतरलेलं असतं आणि आभाळ भरून आलेलं असतं.