विंडोज १० गेलं, लिनक्स टाकायचंय? मग आधी लॅपटॉपची ग्राफिक्स चिप बघा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या एखाद्या विद्यार्थ्याचं उदाहरण घेऊ. कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू आहे, कापसाचे पैसे घरात आलेत आणि लॅपटॉपसाठी वीस हजार रुपये मंजूर झालेत. एवढ्यात नवीन चांगला लॅपटॉप मिळत नाही, म्हणून तो नागपूरला सीताबर्डीत सेकंडहँड बघायला जातो. दुकानदार सातव्या पिढीचा आय-५ समोर ठेवतो. वर एनव्हिडियाचं हिरवं स्टिकर. "विंडोज ११ यावर होणार नाही, पण लिनक्स टाक. फुकट आहे, मस्त चालतं."

सल्ला चुकीचा नाही. पण ज्या हिरव्या स्टिकरमुळे त्या लॅपटॉपची किंमत दोन-तीन हजारांनी वाढते, तेच लिनक्सवर सगळ्यात जास्त डोकेदुखी देऊ शकतं.

हा प्रश्न आत्ताच का आला?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ आणि त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप बाद झाले. त्यात एआयच्या डेटा सेंटर्समुळे २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती भडकल्या आणि नवीन लॅपटॉप आणखी लांब गेला. जुनं मशीन आणि त्यावर लिनक्स, हा पर्याय अनेकांसाठी आता हौसेचा राहिलेला नाही.

ड्रायव्हर कुणाच्या हातात आहे?

चिप आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यात दुभाष्याचं काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्स चिप्सचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये असतात. लिनक्स टाकलं की स्क्रीन चालू. वेगळं काही शोधावं लागत नाही आणि कर्नल अपडेट झाला की ड्रायव्हरही सोबत अपडेट होतो.

एनव्हिडियाने मात्र आपला ड्रायव्हर वर्षानुवर्षं बंद पेटीत ठेवला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर कार्यक्रमात या कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. तो व्हिडिओ अजूनही फिरत असतो. नंतर कंपनी बदलली. मे २०२२ मध्ये तिने ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला, पण फक्त २०१८ मध्ये आलेल्या ट्युरिंग आणि त्यापुढच्या चिप्ससाठी. आधीच्या चिप्स बंद ड्रायव्हरवरच राहिल्या.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचाही नंबर लागला. एनव्हिडियाच्या ५९० मालिकेच्या लिनक्स ड्रायव्हरने मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांचा सपोर्ट काढून टाकला. आर्च लिनक्समध्ये हा बदल नेहमीच्या अपडेटमधून आला आणि जुन्या चिपवाल्या अनेकांच्या मशीनवर डेस्कटॉपऐवजी नुसती काळी कमांड लाइन उघडली. उबुंटू आणि मिंटमध्ये जुनी ५८० मालिका वेगळी मिळत असल्याने तसा झटका बसला नाही. पण ५८० ही या चिप्ससाठीची शेवटचीच मालिका.

आता ही नावं बघा: ९४०एमएक्स, एमएक्स१३०, एमएक्स१५०, एमएक्स२५०, जीटीएक्स १०५०. भारतात २०१६ ते २०१९ च्या मिड-रेंज लॅपटॉपमध्ये याच चिप्स भरपूर दिसायच्या आणि सगळ्या मॅक्सवेल किंवा पास्कल आहेत. म्हणजे मायक्रोसॉफ्टने सोडलेले बरेच लॅपटॉप एनव्हिडियानेही सोडलेत. एमएक्स२५० तर आठव्या पिढीच्या प्रोसेसरसोबतही येतं, त्यामुळे "विंडोज ११ चालतंय ना" एवढं पाहून भागत नाही.

उलट बाजूला एएमडीचं बघा. २०१२ च्या सुमारास आलेल्या रेडिऑन एचडी ७००० मालिकेतल्या चिप्सना लिनक्स ६.१९ मध्ये नव्या 'एएमडीजीपीयू' ड्रायव्हरवर आणलं गेलं. हे काम एएमडीने नाही, तर वाल्व्ह या गेम कंपनीच्या लिनक्स टीममधल्या प्रोग्रॅमरने पुढे नेलं. कोड खुला असल्याने बाहेरच्या माणसाला ते करता आलं. पास्कलच्या बाबतीत तशी सोय नाही. 'नूवो' नावाचा खुला ड्रायव्हर आहे, पण एनव्हिडियाच्या सही केलेल्या फर्मवेअरच्या अटीमुळे तो या चिप्स पूर्ण वेगाने चालवू शकत नाही.

घरात असा लॅपटॉप आधीच असेल तर?

टाकून देऊ नका. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये इंटेलची दुसरी ग्राफिक्स चिपही असते आणि स्क्रीन तिच्यावरच चालते. मिंट टाका, एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकूच नका. असाइनमेंट, यूट्यूब, कोडिंग यासाठी इंटेल पुरतं. अडचण एकाच ठिकाणी येऊ शकते: काही मॉडेल्समध्ये एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो, त्यामुळे कॉलेजचा प्रोजेक्टर नखरे करतो.

नवा किंवा जुना घेणार असाल आणि गेमिंग-एआय डोक्यात नसेल, तर इंटेल किंवा एएमडीची आतलीच ग्राफिक्स असलेलं मशीन घ्या. स्टिकरचे वाचलेले पैसे रॅम आणि एसएसडीवर टाका. अगदी नुकत्याच बाजारात आलेल्या चिपला मात्र नवा कर्नल लागतो, तेव्हा उबुंटूची ताजी आवृत्ती वापरा.

मशीन लर्निंग शिकायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अजूनही एनव्हिडियाच्या कुडाची चलती आहे. मग जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स मालिका बघा, त्या ट्युरिंग किंवा त्यापुढच्या आहेत. एमएक्स४५० सुद्धा ट्युरिंग आहे. जुनं पास्कल घेऊन उपयोग नाही, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ नेही ती पिढी वगळली आहे.

दुकानात काय बघायचं?

दुकानदार "२ जीबी ग्राफिक्स" एवढंच सांगेल. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स'खाली चिपचं पूर्ण नाव दिसतं. त्याहून चांगलं म्हणजे घरून मिंटचा पेनड्राइव्ह बनवून न्या. लॅपटॉपमध्ये काहीही इन्स्टॉल न करता तो पेनड्राइव्हवरून सुरू होतो. पाच मिनिटं व्हिडिओ चालवा, झाकण बंद करून पुन्हा उघडा, ब्राइटनेस कमी-जास्त करा, दुकानातल्या मॉनिटरला एचडीएमआय केबल लावून बघा. यातलं काही अडलं तर पैसे देण्याआधी कळलेलं बरं. नाहीतर आर्वीला परतल्यावर त्याच लॅपटॉपसाठी पुन्हा नागपूरची फेरी पडते, आणि तोवर दुकानदाराचा सूरही बदललेला असतो.